मोसमी पावसावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने सुरुवात कशी करावी

भौतिकशास्त्र किंवा गणितात पदवी मिळवून हवामानबदलावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकीय प्रारूपांकडे वळण्याआधी काही महिने पावसाच्या दैनंदिन नोंदी हाताळाव्यात, असे माझे ठाम मत आहे. प्रवेशाची वाट तशी सरळ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते आणि पुढे नेट किंवा गेट उत्तीर्ण होऊन पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. अवघड आहे ते नोंदी वाचायला शिकणे.

सरावासाठी बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष स्वतः पडताळून पाहावा. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या, ५ ते १०० मिलिमीटरच्या घटल्या आणि या दोन्हींनी एकमेकींची भरपाई केल्यामुळे हंगामाची सरासरी जवळपास होती तिथेच राहिली, असे त्यांना आढळले. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मुसळधार पावसाची वाढ याच्याशी सुसंगत आहे.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींमध्ये मिळतो. त्यातून १६.५ ते २६.५ उत्तर अक्षांश आणि ७४.५ ते ८६.५ पूर्व रेखांश एवढा प्रदेश व जून ते सप्टेंबर हे महिने वेगळे काढावेत. मूळ अभ्यास एक अंशाच्या चौकटींवर झाला होता, म्हणून तुलनेपूर्वी आपल्या नोंदीही त्याच आकाराच्या कराव्यात. त्यानंतर प्रत्येक चौकटीतील घटना मोजून वर्षनिहाय बेरीज करावी. संपूर्ण प्रदेशाची सरासरी आधी काढून मग मोजणी करू नये, कारण ज्या अतिवृष्टीचा शोध घ्यायचा आहे तीच त्या सरासरीत विरून जाते.

दोन ठिकाणी नवखे संशोधक हमखास चुकतात. पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि मागील २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर चढतो. त्यामुळे मुंबईतील २६ जुलै २००५ चा पाऊस नोंदींत २७ जुलैला सापडतो. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर त्याच शहरातील कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. म्हणजे तेव्हा एकच पर्जन्यमापक असता, तर तो कोठे आहे यावरच सगळे चित्र ठरले असते. देशभरातील पर्जन्यमापकांची संख्याही दशकागणिक बदलत गेली असल्याने, संपूर्ण कालखंडात सलग नोंदी असलेलीच केंद्रे घेऊन मोजणी पुन्हा करावी. कल तेव्हाही टिकला, तरच त्याचे कारण शोधण्यासाठी प्रारूपांकडे वळावे.