किमोच्या त्रासावर अ‍ॅक्युपंक्चर घेताना

सुयांनी कॅन्सर बरा होत नाही. किमो सोडा आणि हेच करा म्हणणारा कुणी भेटला, तर तिथून सरळ उठून या. पण किमोची मळमळ, स्तनाच्या कॅन्सरनंतर चालू होणाऱ्या गोळ्यांनी धरलेले सांधे, यांना अ‍ॅक्युपंक्चरनं उतार पडू शकतो.

आम्ही निपाणीचे, अक्काचे उपचार बेळगावात. सुयांचं विचारलं तेव्हा तिच्या डॉक्टरांनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. किमोनंतर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात. मग टोचलेल्या जागी रक्त लवकर थांबत नाही, जंतूंची भीती वाढते. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय सुई नकोच. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला टोचू देऊ नका, हात सुजू शकतो. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडायचा नाही. फाईल पुढं ठेवून हे सगळं आपणच सांगायचं. सुया सीलबंद पाकिटातल्या, आपल्यासमोर फोडलेल्या आणि एकदा वापरून टाकायच्या. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.

मळमळीची जागा घरच्यांनी जरूर शिकून घ्यावी, कारण ती नुसत्या बोटानंही दाबता येते. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं आडवी ठेवा. बोटं पेशंटची मोजायची, आपली नाही. मूठ हलकी वळली की तिथं दोन ताठ दोऱ्या वर येतात, त्यांच्या मधोमध ही जागा. अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं गोल फिरवत दाबा. दुखेल इतकं नाही. मग दुसरा हात. मात्र सुजेची भीती असलेला हात सोडून द्या. परतताना तवंदी घाट लागायच्या आधीच मी अक्काचा हात धरते. उलटीची गोळी मात्र वेळेवर द्यायचीच. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर बाकी सगळं ठेवून दवाखाना गाठा.

सांधेदुखीला घाई चालत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्या २२६ बायकांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुया आठवड्यातून दोनदा अशा सहा आठवडे दिल्या, पुढचे सहा आठवडे आठवड्यातून एकदाच. खोट्या, म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया दिलेल्या बायकांपेक्षा खऱ्या सुयांनी दुखणं जास्त कमी झालं, पण फरक फार मोठा नव्हता. किमोनं हातापायांना येणाऱ्या मुंग्यांबद्दलचा पुरावा तर अजून कच्चाच आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत रोज दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा लिहायला सांगा. सहा आठवड्यांनी वही बघा. आकडा खाली आला नसेल तर सुया थांबवा, आणि त्याच पैशात पुढच्या किमोला एसटीऐवजी गाडी ठरवा.