समजुतीने वेगळं होताना तडजोडपत्रात काय लिहावं

नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. गावातल्या चार माणसांनी साक्षीला सह्या केल्या तरी हिंदू विवाह कायद्याखाली लग्न संपतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. (काही समाजांची रूढी कायदा मानतो, पण ती सिद्ध करावी लागते.) तेव्हा भांडण बाहेर मिटवा, हुकूमनामा मात्र कोर्टाचा घ्या.

आधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथला मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांत बोलणं घडवून आणतो. तंटामुक्ती समितीत गोष्टी ठरल्या असतील तरी मसुदा वकिलाकडूनच करून घ्या, आणि दोघांचे वकील वेगळे असू द्या. घरात मारहाण चालू असेल तर बैठकीला बसूच नका. ११२ किंवा १८१ वर फोन करा.

चाकरमानी घरी आलेत म्हणून गणपतीत बैठक ठेवण्याची कोकणातली पद्धत टाळा. भरल्या घरात भावकीच बोलते आणि नवरा-बायको गप्प राहतात. दोघं आणि दोघांचं एकेक माणूस एवढं पुरे.

पोटगी ठरवताना कमाईचे महिने पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, त्यामुळे खलाशाने दरमहा सारखी रक्कम कबूल केली की पहिला हप्ता पावसातच चुकतो. या दोन महिन्यांची रक्कम मे महिन्यातच आगाऊ द्यायची असं लिहा. आंबा बागायतदाराचा पैसा हंगामात येतो. त्याने वर्षाचा मोठा हिस्सा जूनपर्यंत द्यावा, उरलेला दरमहा. सगळं बँकेतून द्या. मुलांची पोटगी आईला सोडून देता येत नाही, तसं कलम घालू नका.

मुलांच्या भेटीबद्दल ‘सुट्टीत भेटतील’ एवढं लिहिलं की पहिल्याच मे महिन्यात वाद होतो. गणपतीचे कोणते दिवस, मे महिन्याचा कोणता पंधरवडा, मुंबईहून कोण आणणार, तिकीट कोणाचं, फोन किती वाजता, हे सगळं लिहा.

दागिन्यांची यादी ग्रॅममध्ये करा. स्त्रीधन तिचंच, ते पोटगीत वळतं करू नका.

बऱ्याच तडजोडी जमिनीवर फसतात. सातबारा सामाईक, वाटप झालेलं नाही, आणि पत्रात मात्र ‘घरामागचे पाच गुंठे’ लिहिलेले. भाऊ हरकत घेतात आणि कागद तसाच पडून राहतो. त्यापेक्षा रोख रक्कम बरी. जमीनच द्यायची असेल तर आधी वाटप, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत दस्त, मग तलाठ्याकडे फेरफार.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब (परस्पर संमतीने घटस्फोट) खालच्या संयुक्त अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे न्यायालय ही सहा महिन्यांची मुदत माफ करू शकतं. हुकूमनाम्यापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून रकमेचा शेवटचा मोठा हप्ता त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने ठेवा.

छळाची फिर्याद पोलीस ठाण्यात मागे घेता येत नाही. ती उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला, रायगडसाठी मुंबईला. हा खर्च कोणाचा, तेही तडजोडपत्रात लिहा.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती दोघांनीही घ्या आणि बँक आणि विम्यातलं वारसाचं नाव आणि रेशनकार्डावरची कुटुंबाची नावं त्याच महिन्यात बदला.