मुंबई ते न्यूयॉर्क: तारखेची आणि बाकीची तयारी

पासपोर्ट आणि व्हिसा यांची आठवण करून देण्याची गरज नाही. सर्वांत आधी तिकिटावरची तारीख आणि वेळ एकत्र वाचावी. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. 9 तारीख, 01:30 असे छापलेले असेल, तर विमानतळावर 8 तारखेच्या रात्री हजर व्हायचे असते. मी 9 तारखेच्या रात्री साडेदहाला, दोन बॅगा आणि निरोप द्यायला आलेले पाच नातेवाईक घेऊन पोहोचलो, तेव्हा माझे विमान न्यूयॉर्कला उतरून पाच तास झाले होते. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर तो रात्री बाराला बदलतो. म्हणून कॅलेंडरवर 8 च्या चौकटीतच लिहावे आणि गाडीवाल्यालाही 8 तारीखच सांगावी. पुण्याहून निघणाऱ्याने उलटे मोजावे: विमानाच्या तीन तास आधी विमानतळ, घाटातली कोंडी धरून वाटेचे पाच तास, म्हणजे 8 तारखेला संध्याकाळी साडेपाचला घर सोडायचे. आठ तारखेला.

प्रवासाचा वेळ तिकिटावरच्या दोन वेळांच्या वजाबाकीने काढू नये, कारण दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. दीडला सुटून सकाळी आठला उतरणारे विमान साडेसहा तासांचे वाटते, प्रत्यक्षात ते सोळा तास उडते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा राहतो. अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणेही फसवे आहे. सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे आणि दुबईमार्गे ते जेमतेम चारशे किलोमीटरने वाढते. पण तिथल्या थांब्यामुळे प्रवास सहज वीस तासांच्या पुढे जातो. शिवाय उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना लागतो त्यापेक्षा येताना वेळ कमी लागतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा पडून वेळ आणखी वाढला. तेव्हा उड्डाणाचे तास तिकिटावर वेगळे दिलेले असतात, तेच वाचावेत, आणि ते वाचताना नजर पुन्हा एकदा तारखेवर टाकावी.

सामानाबद्दल थोडक्यात: लोणचे मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, रोजची औषधे चिठ्ठीसह जवळ. विमानात पाणी प्यावे, अधूनमधून उठून चालावे. परतीच्या प्रवासात तारीख एका दिवसाने पुढे जाते. न्यायला येणाऱ्याला उतरण्याची तारीख कळवावी, निघण्याची नव्हे.