नवजात बाळांच्या श्रवणचाचणीचे यंत्र कसे निवडावे

प्रसूतिगृहासाठी श्रवणचाचणीचे यंत्र घ्यायचे असेल, तर कोटेशन मागवण्याआधी आपल्याकडची किती बाळे एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहतात आणि बाळ-बाळंतिणीला घरी केव्हा सोडले जाते, हे नोंदवहीतून काढावे. निवड बरीचशी तिथेच ठरते.

या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन: ओएई (ओटोअकूस्टिक एमिशन्स) आणि एएबीआर (ऑटोमेटेड ऑडिटरी ब्रेनस्टेम रिस्पॉन्स). ओएई यंत्रात बाळाच्या कानात छोटा प्रोब बसवून आवाज सोडतात आणि आंतरकर्णातील केसपेशींकडून परतणारा क्षीण ध्वनी टिपतात. चाचणी झटपट होते आणि खर्चही कमी येतो. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत कानात जन्मावेळचा चिकट थर आणि मध्यकर्णात द्रव असल्यामुळे चांगले ऐकणारी बाळेही ‘रेफर’ (पुढील तपासणी हवी अशी) ठरतात. चोवीस तासांत घरी सोडण्याची पद्धत असेल, तर नुसत्या ओएईवर विसंबल्यास फेरतपासणीला बोलवावी लागणारी बाळे वाढतात, आणि लांबच्या गावची आई पुन्हा येईलच असे नसते.

एएबीआरमध्ये कपाळ, मान आणि खांद्यावर इलेक्ट्रोड लावून, साधारण 35 डेसिबलच्या आवाजाला श्रवणचेतेतून मेंदूच्या स्तंभापर्यंत मिळणारा प्रतिसाद पाहतात. केसपेशी शाबूत असून चेतेतच बिघाड असेल, तर ओएई ‘पास’ दाखवते आणि दोष निसटतो. रक्त बदलावे लागण्याइतकी तीव्र कावीळ झालेल्या बाळांत हा धोका विशेष असतो. म्हणून एनआयसीयूत पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळासाठी एएबीआरच हवे, आणि त्यात ‘रेफर’ आलेल्या बाळाला ओएईवर ‘पास’ करून सोडू नये. निरोगी बाळांसाठी आधी ओएई आणि त्यात अडकलेल्यांसाठी एएबीआर, ही दोन टप्प्यांची रीत मला सर्वांत व्यवहार्य वाटते. दोन्ही चाचण्या करणारी यंत्रेही मिळतात.

विक्रेत्याने शांत खोलीत दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर विश्वास ठेवू नये. यंत्र आपल्याच वॉर्डात, दूध पिऊन झोपलेल्या बाळावर, जी परिचारिका ते रोज वापरणार तिच्या हातून चालवून पाहावे. गोंगाट ओएईला आणि आजूबाजूच्या विद्युत उपकरणांचा व्यत्यय एएबीआरला नडतो, तो तिथेच कळतो. प्रोबच्या टिप्स आणि इलेक्ट्रोड यांचा प्रत्येक बाळामागचा खर्च, वार्षिक कॅलिब्रेशन आणि यंत्र दुरुस्तीला गेल्यास पर्यायी यंत्र मिळेल का, हे करारात लिहून घ्यावे.

पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक पाळण्यासाठी ‘रेफर’ बाळांची यादी यंत्रातून सहज निघाली पाहिजे. ती कोणी पाहायची आणि बाळाला कोणत्या ऑडिओलॉजिस्टकडे किंवा जिल्ह्याच्या डीईआयसीत (शीघ्र हस्तक्षेप केंद्रात) पाठवायचे, हे खरेदीपूर्वीच ठरवावे.