स्वातंत्र्योत्तर पहिल्या नोटांचा संग्रह करताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीतून किंवा पोथीच्या पानांतून एखादी जुनी नोट निघते, तेव्हा पहिली चूक तिचा काळ ठरवण्यात होते. एक रुपयाची नोट केंद्र सरकारची असल्यामुळे १९४९ च्या अशोकस्तंभाच्या नोटेवर अर्थसचिव के. आर. के. मेनन यांची सही आढळते. रिझर्व्ह बँकेच्या त्या काळच्या नोटांवर वर्ष नसे, म्हणून तिथे गव्हर्नरांची सही पाहावी लागते. आपल्या रायगड जिल्ह्यातील नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात गव्हर्नर होते. त्यांची सही ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या नोटांवर असते, आणि १९५० मध्ये आलेल्या दोन, पाच, दहा व शंभर रुपयांच्या अशोकस्तंभाच्या नोटांवर बेनेगल रामा राव यांची. त्यामुळे अशोकस्तंभाखाली देशमुखांची सही दाखवून कोणी मोठी किंमत सांगू लागल्यास तिथेच थांबावे.

‘दो रुपया’ असे छापलेली नोट हा दुर्मीळ छपाईदोष आहे, असेही सांगितले जाते. तो दोष नव्हे. हिंदी अनेकवचनाचा वाद ‘रुपये’ या बाजूने सुटण्यापूर्वीची ती छपाई आहे.

आपल्या किनाऱ्यावरची तिसरी चूक अधिक हळहळ लावणारी आहे. १९५९ मध्ये आखाती देशांसाठी आणि हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. आखाती नोटांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर, तर हजच्या नोटांवर एच आणि ए ही अक्षरे असत, आणि भारतात त्या चालत नसत. जहाजावर किंवा आखातात काम केलेल्या माणसांच्या घरी अशी नोट निघाली, की रंग वेगळा म्हणून ती खोटी ठरवून मुलांच्या खेळात दिली जाते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र आपल्या हातून, नोट ‘नीट’ करताना होते. घडीवर विरलेल्या दोन रुपयांच्या नोटेला मी स्वतः मागून चिकटपट्टी लावली होती. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत डिंक पिवळा होऊन डाग अशोकस्तंभापर्यंत उतरला. धुणे, इस्त्री करणे आणि लॅमिनेशन हे सारे त्याच जातीचे उद्योग. पीव्हीसीची मऊ पाकिटेही कालांतराने चिकट होतात, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. जून ते सप्टेंबर अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये, डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवावे, आणि पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशी बुरशी व कसर लागली आहे का, हे एकेक पान उलटून पाहावे.

टाचणीच्या भोकांनी मात्र घाबरू नये, कारण नोटांची बंडले तेव्हा टाचलेलीच येत. उलट भोक नसलेल्या नोटेला कोणी जास्त पैसे मागत असेल, तर ती उजेडासमोर धरावी. बुजवलेल्या भोकाजवळचा कागद वेगळा दिसतो.