होम ऑटोमेशनसाठी सॉफ्टवेअर आणि वायरलेस कंट्रोलर कसे निवडावेत

घरातले दिवे, पंखे आणि गीझर आपोआप चालवणारी यंत्रणा घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: इंटरनेट बंद पडले, किंवा विकणारी कंपनीच बंद पडली, तर यातले काय चालू राहील? एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि भिंतीवरची उपकरणे शाबूत असूनही ती ॲपवरून चालेनाशी झाली. त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या हबचीही (घरातली उपकरणे एकत्र जोडणाऱ्या मध्यवर्ती यंत्राची) सेवा बंद झाली होती.

म्हणून घरातल्याच छोट्या संगणकावर चालणारे मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) सॉफ्टवेअर निवडणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. होम असिस्टंट आणि ओपनहॅब हे दोन पर्याय अनेक वर्षांपासून टिकून आहेत; नवख्या माणसाने होम असिस्टंटपासून सुरुवात करावी, कारण त्यातली बरीचशी जोडणी स्क्रीनवरच करता येते. कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर त्याच्या जोडणीचे पान उघडून ती ‘लोकल’ (घरातल्या घरात चालणारी) आहे की ‘क्लाउड’ (कंपनीच्या सर्व्हरवरून चालणारी) हे पाहावे. क्लाउड असेल, तर ते उपकरण स्वस्त असले तरी टाळावे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल, तर सतत होणाऱ्या नोंदींमुळे मेमरी कार्ड झिजते, तेव्हा शक्यतो एसएसडी लावावी आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवावा. नवी आवृत्ती दर महिन्याला येते, पण ती आल्या दिवशीच घेण्याची घाई करू नये.

वायरलेसच्या बाबतीत अधिक विचार लागतो. झिगबी आणि थ्रेड या उपकरणे बिनतारी जोडण्याच्या पद्धती २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात. राउटर १ किंवा ६ क्रमांकाच्या चॅनलवर कायम ठेवून झिगबीला २५ क्रमांकाचा चॅनल दिला, तर दोघांची टक्कर बरीच टळते. हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा, कारण नंतर चॅनल बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात. यूएसबी ३ चा पोर्ट आणि एसएसडी याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात, त्यामुळे झिगबीचा डोंगल (संगणकाला झिगबीशी जोडणारा छोटा यूएसबी कंट्रोलर) थेट संगणकात न खोचता मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलवर दूर ठेवावा. ‘सेन्सर सारखा तुटतो’ या तक्रारीवर पहिला उपाय हाच करून पाहावा. आरसीसीच्या भिंतींतून संदेश पुढे नेण्याचे काम सतत विजेवर असणारी उपकरणे करतात, बॅटरीवरचे सेन्सर ते करत नाहीत. म्हणून दर खोलीत किमान एक स्मार्ट प्लग किंवा रिले (संदेश मिळताच वीज चालू-बंद करणारा स्विच) असावा. झेड-वेव्ह ही आणखी एक बिनतारी पद्धत मात्र देशानुसार वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर चालते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कंट्रोलर इथल्या उपकरणांशी बोलणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत यासाठीचे मॅटर हे मानक २०२२ मध्ये आले आणि ते घरातल्या घरात नियंत्रण करू देते, तरी डब्यावर खूण आहे म्हणून उपकरणाची सगळी वैशिष्ट्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतीलच असे नाही.

स्विचबोर्डच्या मागे बसवायच्या रिलेला बहुधा न्यूट्रल (विजेची परतीची तार) लागतो आणि जुन्या घरांत तो बोर्डापर्यंत आणलेला नसतो. खरेदीपूर्वी वायरमनकडून ही खात्री करून घ्यावी. ३००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर घेतो, तेव्हा तिथे १० अँपिअरचा रिले मुळीच चालणार नाही. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना कितीतरी जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे रिलेने कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हब बंद असतानाही भिंतीवरचे बटण चाललेच पाहिजे, कारण घरातल्या आजी-आजोबांनी दिव्यासाठी मोबाइल शोधत बसणे योग्य नाही.

वीज जाऊन परत आल्यावर उपकरण कोणत्या स्थितीत यावे, हे ठरवण्याची सोय आहे का, तेही तपासावे. गीझर आणि पंपासाठी ती स्थिती ‘बंद’ अशीच ठेवावी, दिव्यांसाठी ‘पूर्वीप्रमाणे’. ही सोय नसलेला रिले जड भारासाठी घेऊ नये.