वरिष्ठांना कळवीन

कोल्हापूरच्या १०९ टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून करायची अर्धवेळ फौज) मराठा बटालियनमध्ये मी चार वर्षं जवान होतो. वडिलांच्या आजारपणात नाव काढून घेतलं. मग एका दूध संघाच्या लॅबमध्ये दुधाची फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) मोजत बसलो आणि मुक्त विद्यापीठातून बीए झालो. चौतिसाव्या वर्षी परत टीएत जायचं ठरवलं, या खेपेला अधिकारी म्हणून. माझ्यासारखे जुने जवान, जुने एनसीसीवाले यांच्यासाठी हे लिहितोय.

वय १८ ते ४२, पदवी, आणि हातात नोकरी किंवा धंदा, एवढं तुम्हाला माहीत असेलच. टीए म्हणजे पोटापाण्याची सोय नव्हे. पहिल्या वर्षी एक महिन्याचं बेसिक, दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं ट्रेनिंग. युनिट बोलावून घेईल तेवढ्याच दिवसांचा पगार. घरचा हप्ता या भरवशावर काढणार असाल तर अर्जच करू नका. कामाच्या ठिकाणी वेळेत सांगा. मी कॉल लेटर हातात पडल्यावर सांगितलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "दोन महिने तुझं टेबल कोण सांभाळणार?" कायद्यानं नोकरीला संरक्षण आहे हो, पण कायदा शेजारच्या खुर्चीत बसून काम करत नाही.

लेखी परीक्षेचा बाऊ करू नका. गणित दहावीचं. मात्र प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे उत्तरं ठोकू नका.

मी अडकलो तो एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्यांत, आणि अडकलो ते अनुभवामुळे. होय, अनुभवामुळेच.

भोपाळला गेलो तेव्हा मनात होतं, ही बावीस वर्षांची पोरं काय, आपण युनिट बघितलंय. ग्राउंडवर गटानं मिळून अडथळे पार करायचे: फळी, बल्ली, दोर, ड्रम. लाल रंगाला हात लावायचा नाही. फळी पलीकडे पोचायला हातभर कमी पडत होती. बल्ली फळीला बांधून पुढं सरकवली, मागच्या टोकावर दोघं उभे राहिले की काम झालं, हे मला पहिल्या मिनिटात दिसलं होतं. पण एका पोरानं "दादा, फळी धरा" म्हटलं आणि मी फळी धरून उभा राहिलो. छान घट्ट धरली. वेळ संपेपर्यंत धरली.

लेखी मानसशास्त्रीय चाचणीत तेच. तीस मिनिटांत साठ प्रसंग, प्रत्येकाला तू काय करशील ते लिहायचं. डब्यात धूर दिसला: टीटीईला कळवीन. रस्त्यात अपघात: पोलिसांना कळवीन. जंगलात वाट चुकली: वायरलेसवर वरिष्ठांना कळवीन. जवान म्हणून यातलं एकही उत्तर चूक नाही, म्हणून तर कळत नाही! चार वर्षं हेच अंगात मुरवलं होतं: आधी रिपोर्ट, मग हुकूम, मग हालचाल. बोर्ड बघत असतं की रिपोर्ट पोचायच्या आधी तू स्वतः काय केलंस. शेवटच्या कॉन्फरन्सनंतर पास झालेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवरचे नंबर) पुकारले, त्यात माझा नव्हता.

पुण्यात एका क्लासला जाऊन आलो. तिथं अधिकाऱ्याच्या अंगचे गुण पाठ करून घेतात आणि तयार वाक्यं देतात. माझ्या मते पैसे पाण्यात. आख्ख्या बॅचची वाक्यं सारखी, आणि वाचणाऱ्यानं ती हजारदा वाचलेली.

मला सुधरवलं ते आमच्या गावच्या सुभेदार आबांनी. आठवतील तेवढी उत्तरं वहीत लिहून त्यांना वाचून दाखवली. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि विचारलं, "बैल हिरीत पडला तर कुणाला कळवत बसशील रं?"

तेव्हापासून रोज पाच प्रसंग. 'कळवीन' शब्द पहिल्या वाक्यात आला की आबा वही बंद करत. आधी हातातलं काम, मग माणसं गोळा करणं, मग कळवणं. तुम्हीही जुनी वही काढून 'कळवीन', 'सांगेन', 'परवानगी घेईन' मोजा. माझे पहिल्या पानावर अकरा निघाले.

उलटी चूकही करू नका. पुढं होणं म्हणजे ओरडणं नव्हे. दुसऱ्या खेपेला आमच्या गटात एक माजी सैनिक सगळ्यांवर हुकूम सोडत होता. त्याचं काही झालं नाही.

माझं झालं. आणि वयाचं दडपण घेतलेल्यांना सांगतो, तीन मिनिटांत दहा अडथळ्यांपैकी मी सातच केले होते. गुडघा दुखत होता. तरी बोर्डानं शिफारस केली.

मेडिकलला मात्र कानात मळ निघाला म्हणून पुन्हा तपासणीला बोलावलंय. आधीच साफ करून जायचं होतं, एवढी साधी गोष्ट! तुम्ही करून जा, दातही बघून घ्या. सध्या पहाटे चारला पळायला जातो, साडेपाचला संकलनाच्या गाड्या येतात. संध्याकाळी आबांच्या ओट्यावर. परवा कानाचं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमचं ऐकू येत नव्हतं ते ह्यामुळं व्हय."